वान्झे बैठकीवरचा 'कॉन्स्पिरसी' दाखवायचाय: खरं किती, आणि प्रेक्षकांना आधी काय सांगावं?

तिसरी_रांग

आमच्या चित्रपट मंडळात 'कॉन्स्पिरसी' (२००१, दिग्दर्शक फ्रँक पिअर्सन) लावायचं चाललंय. विषय: २० जानेवारी १९४२, बर्लिनच्या कडेला वान्झे तळ्याकाठचा बंगला, पंधरा नाझी अधिकारी, आणि युरोपातल्या ज्यूंच्या संहाराची आखणी. महायुद्धाचा ढोबळ इतिहास बहुतेक सभासदांना ठाऊक आहे, पण या बैठकीचं नाव अनेकांनी ऐकलेलं नाही. जाणकारांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत.

चित्रपटातली खडाजंगी, कुरबुर, एकदोघांची चलबिचल खरी किती? बैठकीचं इतिवृत्त सापडलंय असं वाचलं, मग हे सगळं त्यात आहे का?

याच बैठकीवर दोन जर्मन चित्रपटही आहेत. त्यांतला एखादा जास्त बरा का?

आणि पंधरा माणसं, एक टेबल, दीड तास नुसतं बोलणं. लोक नावांत हरवतात. खेळाआधी काय सांगावं, किती सांगावं?

बस्ता_क्र_१६

एक वाक्य प्रास्ताविकात येऊच देऊ नका: "या बैठकीत ज्यूंना मारायचं ठरलं." हे चुकीचं आहे, आणि एकदा ते डोक्यात बसलं की चित्रपटातला प्रत्येक संवाद वाकडा ऐकू येतो.

बैठकीच्या दिवसापर्यंत लाखो माणसं मारली गेली होती. जून १९४१ मध्ये सोव्हिएत संघावर चढाई झाली, तेव्हापासून सैन्यामागोमाग एसएसची (नाझी पक्षाच्या निमलष्करी संघटनेची) फिरती पथकं गोळ्या घालत निघाली होती. कीवजवळ बाबी यारला २९ आणि ३० सप्टेंबर या दोन दिवसांत ३३,७७१ माणसं मारली. हा आकडा त्या पथकाच्या स्वतःच्या अहवालातला आहे. लॅटव्हियात रिगाजवळच्या रुम्बुलाच्या जंगलात ३० नोव्हेंबर आणि ८ डिसेंबरला मिळून सुमारे २५,०००. पोलंडमध्ये खेल्मनोला विषारी धुराच्या बंद गाड्या ८ डिसेंबर १९४१ पासून चालू झाल्या. बेल्झेकच्या छावणीचं बांधकाम नोव्हेंबरातच सुरू झालं होतं.

मग बैठक कशासाठी? काम कोणाच्या अखत्यारीत, हे पक्कं करायला. ३१ जुलै १९४१ ला हिटलरच्या खालोखालचा नेता ग्योरिंग याच्या सहीचं पत्र हायड्रिखने मिळवलं होतं: ज्यू प्रश्नाच्या 'संपूर्ण सोडवणुकी'ची तयारी करावी आणि संबंधित खात्यांना त्यात सामील करून घ्यावं. हायड्रिख सुरक्षा पोलिसांच्या मुख्य कार्यालयाचा प्रमुख. त्याला हे पत्र टेबलावर ठेवून सगळ्या खात्यांच्या तोंडून 'हो, सूत्रं तुमच्याकडे' असं वदवून घ्यायचं होतं. आलेल्या मुलकी माणसांत बरेचसे आपल्याकडच्या मंत्रालयातल्या सचिवांच्या तोलाचे होते आणि प्रत्येकाचं एक कुंपण होतं. ज्यू कोणाला म्हणायचं, हा कायदा गृहखात्याचा. दुसऱ्या देशांतले ज्यू बाहेर काढायचे तर परराष्ट्र खातं हवं. व्याप्त पोलंडच्या गव्हर्नरला आपल्या मुलखात पोलिसांची ढवळाढवळ नको असायची. कारखान्यांतल्या मजुरांवर चतुर्वार्षिक योजनेचं, म्हणजे युद्धासाठीच्या आर्थिक नियोजनाचं, कार्यालय हक्क सांगायचं.

चित्रपटात ही खातेबाजी उत्तम उतरली आहे आणि मला तोच त्याचा सगळ्यात खरा भाग वाटतो.

आता इतिवृत्त. १५ टंकलिखित पानं. ३० प्रती काढल्या, त्यांतली १६ क्रमांकाची तेवढी उरली; ती १९४७ मध्ये परराष्ट्र खात्याच्या कागदांत न्यूरेंबर्ग खटल्यांच्या सरकारी वकिलांच्या हाती लागली. त्यात नावानिशी म्हणणं नोंदलंय ते हायड्रिख सोडून सहाच जणांचं: होफमान (एसएस), लुथर, स्टुकार्ट, नॉयमान, ब्यूलर आणि मायर (व्याप्त पूर्व प्रदेशांचं खातं). त्यांतल्या चौघांचं थोडक्यात असं:

लुथर (परराष्ट्र): उत्तरेकडच्या देशांत अडचणी येतील, ते तूर्त बाजूला ठेवा, आग्नेय आणि पश्चिम युरोपात फारसा त्रास नाही.

नॉयमान (चतुर्वार्षिक योजना): युद्धसामग्रीच्या कारखान्यांतल्या ज्यू मजुरांना बदली माणसं मिळेपर्यंत हलवू नका.

ब्यूलर (व्याप्त पोलंड): सुरुवात आमच्याकडून करा. वाहतुकीचा मोठा प्रश्न नाही, आणि इथले बहुतेक ज्यू तसेही कामाला अपात्र आहेत.

स्टुकार्ट (गृह): मिश्र विवाह आणि अर्धज्यू यांच्या वर्गवारीने कार्यालयीन काम बेसुमार वाढेल. त्यापेक्षा सक्तीचं निर्बीजीकरण करा आणि ही लग्नं कायद्यानेच मोडीत काढा.

शेवटच्या या मुद्द्यानेच पानांचा जवळजवळ तिसरा हिस्सा खाल्लाय. म्हणजे चित्रपटात अर्धज्यूंवरून जो वाद रंगतो, त्याला कागदाचा आधार आहे. क्रिट्झिंगरच्या चलबिचलीला मात्र काडीचा नाही. चान्सेलरीचा (सरकारच्या मध्यवर्ती सचिवालयाचा) हा अधिकारी चित्रपटात अस्वस्थ होतो, हरकत घेतो, हायड्रिख त्याला बाजूला नेऊन दम भरतो. इतिवृत्तात क्रिट्झिंगरच्या नावावर एकही वाक्य नाही. १९४६-४७ मधल्या चौकशीत या सगळ्याची शरम वाटते असं तो म्हणाला होता, आणि लेखक लोरिंग मँडेल यांनी तीच शरम मागे नेऊन १९४२ च्या टेबलावर ठेवलेली दिसते. नाटक म्हणून हे बेमालूम जमलंय. इतिहास म्हणून प्रेक्षकाला एक खोटा दिलासा मिळतो, की निदान एकजण तरी बिचकला.

मधला_पडदा

वरच्या प्रतिसादातल्या मजकुराशी सहमत, फक्त "इतिवृत्तात नाही म्हणजे घडलं नाही" हा सूर जरा जपून लावायला हवा. ते इतिवृत्त हायड्रिखच्या हाताखालचा अधिकारी आइशमन याने तयार केलं आणि हायड्रिखने दुरुस्त्या करून घेतल्या. १९६१ च्या जेरुसलेममधल्या खटल्यात आइशमनने स्वतः सांगितलं की मंडळी ठार मारण्याविषयी उघड शब्दांत बोलत होती, आणि कागदावर ते सरकारी भाषेत उतरवलं गेलं. कागदात काय उरलंय बघा: सक्षम ज्यूंना पूर्वेकडे रस्तेबांधणीच्या कामाला लावलं जाईल, त्यांत मोठा हिस्सा 'नैसर्गिकरीत्या' गळेल, जे टिकतील त्यांना 'योग्य ती वागणूक' दिली जाईल. वायूचा, गोळीबाराचा शब्द नाही. तेव्हा पटकथाकाराला रिकाम्या जागा भराव्याच लागणार. तो कसा भरतो एवढंच तपासायचं.

बस्ता_क्र_१६

मान्य. पण त्याच साक्षीत आइशमन पुढे काय म्हणाला तेही घ्या. विरोध कोणाचाच झाला नाही, उलट मंडळी एकमेकांवर चढाओढ करत होती, आणि एरवी हात राखून बोलणारा स्टुकार्ट त्या दिवशी कधी नव्हे इतका उत्साहात होता. कॉलिन फर्थने रंगवलेला, आपल्या कायद्याच्या अब्रूसाठी भडकणारा स्टुकार्ट या साक्षीशी जुळत नाही. अर्थात साक्ष देणारा फाशीच्या सावलीत बसला होता. वरिष्ठ सगळे एकमताने सामील होते, मी पडलो हाताखालचा माणूस, असं दाखवण्यात त्याचा फायदा होता. म्हणून तीही जशीच्या तशी गिळायची नाही.

ज्यावर शंका घ्यायला जागा नाही ते सांगतो. चित्रपटात काही जणांना खरा बेत ऐकून धक्का बसतो. प्रत्यक्षात त्यांतल्या कोणाला काय आधीच ठाऊक होतं, याचे कागद आहेत. ब्यूलरचा वरिष्ठ हान्स फ्रांक याने १६ डिसेंबर १९४१ ला क्राकोवमध्ये आपल्या अधिकाऱ्यांसमोर ज्यूंना नष्ट करण्याची उघड भाषा केली, आणि जानेवारीत बर्लिनला मोठी बैठक आहे, तिथे ब्यूलरला पाठवतोय असंही त्याच भाषणात सांगितलं. ३० नोव्हेंबरला बर्लिनहून रिगाला गेलेल्या गाडीतले सुमारे १,००० ज्यू उतरवल्याबरोबर मारले गेले. ती बातमी गृहखात्यात पोचली होती, आणि स्टुकार्टच्या हाताखालच्या लोजनरने डिसेंबरातच त्याच्यापाशी हा विषय काढला होता. परराष्ट्र खात्याकडे फिरत्या पथकांचे अहवाल येत होते. लांगे तर लॅटव्हियातल्या सुरक्षा पोलिसांचा प्रमुख म्हणून रिगाहूनच आला होता. चित्रपटात तोच बोचरा प्रश्न विचारतो, की मी गोळ्या घालून मारले त्यांनाही 'स्थलांतरित' धरायचं का. संवाद रचलेला असेल, पण तो ज्याच्या तोंडी घातलाय तो माणूस अचूक निवडलाय.

अजून एक ढोबळ चूक. चित्रपटात औशवित्झची यंत्रणा जणू प्रचंड प्रमाणावर तयारच आहे असं बोलणं येतं. जानेवारी १९४२ मध्ये तसं नव्हतं. सप्टेंबर १९४१ मध्ये सोव्हिएत युद्धकैद्यांवर झायक्लॉन-बी या विषारी वायूचा प्रयोग झाला होता आणि मुख्य छावणीतलं जुनं दहनगृह वापरात होतं. औशवित्झच्याच बिर्केनाऊ या भागातली मोठी दहनगृहं १९४३ मध्ये चालू झाली. कोणी विचारलंच तर त्या दिवशी खरोखर चालू असलेलं ठिकाण म्हणून खेल्मनोचं नाव घ्या.

जुनी_रीळ

दुसऱ्या प्रश्नाकडे. तिन्ही चित्रपट एकाच कागदावर बेतलेत, म्हणून तुलना सोपी जाते.

१९८४ चा 'डी वान्झेकॉन्फरेन्झ' (दिग्दर्शक हाइन्झ शिर्क, लेखक पाउल मोमर्ट्झ) ८५ मिनिटांचा. प्रत्यक्ष बैठक साधारण दीड तास चालली होती, म्हणजे पडद्यावरचा वेळ आणि खरा वेळ जवळपास सारखा. त्यातली माणसं हसतात, टोमणे मारतात, कंटाळतात, आणि चीड येते ती त्यानेच. बोलणं फार वेगात चालतं. उपशीर्षकं वाचणाऱ्याची दमछाक होते, आणि जर्मन न येणाऱ्या प्रेक्षकाला पहिल्या वीस मिनिटांत चेहरे सुटतात.

२०२२ चा त्याच नावाचा (दिग्दर्शक मात्ती गेशोनेक, झेडडीएफ वाहिनीसाठी) पावणेदोन तासांच्या आसपास. पार्श्वसंगीत शून्य, आवाज कोणी फारसा चढवत नाही, नैतिक पेच जवळजवळ नाहीच. चर्चा गाड्या, मनुष्यबळ, दारूगोळा अशा बाबींवर. कागदाशी इमान या कसोटीवर तिघांत हा पुढे. पण विषयाची ओळख नसलेला प्रेक्षक यात गार पडण्याचा धोका आहे. तो गारवा हेतुपुरस्सर आणलाय, हे समजायला थोडी तयारी लागते.

२००१ चा ९६ मिनिटांचा आणि इंग्रजीत. तुमच्या सभासदांसाठी मीही हाच निवडला असता. केनेथ ब्रानाचा हायड्रिख (या भूमिकेला एमी मिळालं) दर खेपेला आधी मऊ बोलतो आणि मग पकड आवळतो, त्यामुळे बैठक चालवणं म्हणजे काय हे नावं न कळताही कळतं. स्टॅन्ली टुचीच्या आइशमनकडे लक्ष ठेवायला सांगा: पाहुण्यांची व्यवस्था, कोणी कुठे बसायचं, कागद, वेळ, सगळं त्याच्या हातात.

रचनेतली एक मेख माहीत असलेली बरी. मूळ निमंत्रणात जेवण बैठकीनंतर होतं. चित्रपटात बैठक मध्येच थांबते, मंडळी ताटल्या घेऊन उठतात आणि दोघातिघांत कुजबुजतात. ही मोडतोड लेखकाला लागणारच होती, कारण टेबलाशी बसलेल्या पंधरा जणांत खाजगी धमकी देता येत नाही. त्यामुळे टेबलापासून दूर, दोघांतिघांत घडणारं जवळपास सगळं कल्पित धरा. टेबलावरचा मजकूर मात्र इतिवृत्ताच्या क्रमाने बराचसा चालतो: आधी स्थलांतराचा आढावा, मग देशवार आकडे, मग श्रमिकांचा बेत, मग मिश्र विवाह. शेवटाकडची शुबर्टची तबकडीही लेखकाचीच. बैठकीनंतर हायड्रिख, गेस्टापोचा (गुप्त पोलिसांचा) प्रमुख म्युलर आणि आइशमन शेकोटीपाशी कोन्याक घेत बसले, एवढं आइशमनच्या सांगण्यात आहे.

तिसरी_रांग

सगळ्यांचे आभार. २००१ चाच पक्का करतोय. आता प्रास्ताविक. माझ्या डोक्यात अर्ध्या तासाचं भाषण आणि पंधराही जणांची ओळख होती. जास्त होईल का?

जुनी_रीळ

फार जास्त. अर्धा तास बोललात तर चित्रपट सुरू व्हायच्या आत लोक थकतील, आणि पंधरा ओळखींतली एकही लक्षात राहणार नाही. दहा मिनिटं बस. त्यात एवढं:

आधी तारखा. ३१ जुलै १९४१ चं पत्र, त्यानंतर चालू झालेलं हत्यासत्र, २९ नोव्हेंबरचं निमंत्रण. बैठक आधी ९ डिसेंबरला होती. मॉस्कोपुढे सोव्हिएत प्रतिहल्ला आणि पर्ल हार्बर एकाच आठवड्यात आले आणि ती पुढे ढकलली; ८ जानेवारीला पुन्हा निमंत्रणं गेली. चित्रपटात रशियन आघाडीचे उल्लेख येतात ते या पार्श्वभूमीवर.

मग माणसांचे गट, नावं नकोत. पंधरांपैकी सहा एसएस-पोलिसांचे: हायड्रिख, म्युलर, आइशमन, होफमान, श्योनगार्ट, लांगे. नऊ जण मंत्रालयं, चान्सेलरी, व्याप्त प्रदेश आणि पक्षाकडून आलेले. 'पोलिसांनी बोलावलंय, खाती आलीत' एवढं कळलं की पुरे. नऊतल्या काहींकडे एसएसचे हुद्देही होते, पण ते आधी सांगून गोंधळ वाढवू नका. नावं पाचच पाठ करून घ्या: हायड्रिख, आइशमन, स्टुकार्ट, क्रिट्झिंगर, लांगे.

तिसरं, खोलीत कोण नाही. हिटलर नाही, एसएसचा प्रमुख हिमलर नाही. सैन्याचा प्रतिनिधी नाही, रेल्वेचा नाही, अर्थखात्याचा नाही. रेल्वेशिवाय हे घडणंच शक्य नव्हतं, तरी तिचा माणूस इथे लागला नाही. चर्चेत हा मुद्दा हमखास पेटतो.

क्रिट्झिंगरविषयी आधी अवाक्षर काढू नका. लोकांना त्याच्याबद्दल सहानुभूती वाटू द्या. चर्चेला सुरुवात करतानाच सांगा की इतिवृत्तात या माणसाचं एकही वाक्य नाही. चर्चा आपोआप चालेल.

बस्ता_क्र_१६

भाषणापेक्षा एक कागद वाटा, दोन्ही बाजूंनी छापलेला. एका बाजूला पंधरा नावं, खातं आणि नटाचं नाव. दुसऱ्या बाजूला इतिवृत्ताचं पान ६, म्हणजे देशवार आकड्यांचा तक्ता. मूळ पानाची छायाप्रत वान्झेच्या त्याच बंगल्यातल्या स्मारक-संस्थेच्या संकेतस्थळावर आहे (हे स्मारक २० जानेवारी १९९२ ला, बरोबर पन्नास वर्षांनी उघडलं).

तक्ता वाचायला थोडी मदत लागते. बेरीज १ कोटी १० लाखांवर जाते. दोन भाग आहेत: 'अ' मध्ये जर्मनीच्या ताब्यातला मुलूख, 'ब' मध्ये मित्र, तटस्थ आणि शत्रू देश. इंग्लंड ३,३०,०००, स्वित्झर्लंड १८,०००, आयर्लंड ४,०००. जिथे जर्मन फौजेने पाऊलही ठेवलं नव्हतं ते देशही मोजून ठेवलेत. अल्बानिया २००, इतक्या बारकाईने.

पण खरा पुरावा बाल्टिक देशांच्या ओळींत आहे. एस्टोनियापुढे आकडाच नाही, 'ज्यूमुक्त' असा शेरा आहे. लॅटव्हिया ३,५००. लिथुआनिया ३४,०००, आणि तिथे चढाईच्या वेळी दोन लाखांवर ज्यू होते. हा तक्ता टेबलाशी बसलेल्या प्रत्येकापुढे मांडला गेला. बाकीचे कुठे गेले हे विचारायची गरज कोणाला पडली नसणार. "या लोकांना कितपत ठाऊक होतं?" असं प्रेक्षकांतून कोणी विचारलं तर या तीन ओळींवर बोट ठेवा.

आकड्यांत एक खाचही आहे. सगळे सारख्या भरवशाचे नाहीत. काही देशांत धर्माची नोंद धरली होती, वंशाची नाही, आणि ही तक्रार खुद्द इतिवृत्तातच आहे. तेव्हा हे आकडे त्या काळच्या ज्यू लोकसंख्येचा दाखला म्हणून वापरू नका.

मधला_पडदा

खेळाच्या व्यवस्थेबद्दल दोन शब्द. चित्रपट जवळजवळ सगळा एका खोलीत आणि संवादांवर चालतो, त्यामुळे घुमणाऱ्या सभागृहात तो वाया जातो. मागच्या रांगेत बसून आधी पाच मिनिटं ऐकून बघा. इंग्रजी उपशीर्षकं चालूच ठेवा, एकाच वेळी चारजण बोलतात तिथे त्यांच्याशिवाय निभत नाही. मध्यंतर घेऊ नका, ९६ मिनिटांत गरज नाही आणि दबाव तुटतो. विकत घेतलेल्या तबकडीने सार्वजनिक खेळाचा हक्क मिळत नाही, हक्कदाराची लेखी परवानगी वेळेत मागवा.

आणि शेवटी पडद्यावर मजकूर येतो तेव्हा दिवे लावू नका. कोणाचं पुढे काय झालं ते त्यात आहे, आणि लोक नेमके तेव्हाच चपला शोधत असतात. तयारीत असा: हायड्रिखवर २७ मे १९४२ ला प्रागमध्ये हल्ला झाला, ४ जूनला तो मेला. न्यायखात्याचा फ्राइस्लर ३ फेब्रुवारी १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात गेला. मायरने आत्महत्या केली. श्योनगार्ट आणि ब्यूलर यांना युद्धानंतर देहदंड झाला, आइशमनला १९६२ मध्ये फाशी. लुथर स्वतःच्या मंत्र्याविरुद्धच्या कारस्थानात सापडून १९४३ मध्ये छळछावणीत गेला होता. हे चित्रपटातल्या त्याच्या वागण्याशी ताडून पाहण्यासारखं आहे. म्युलर १९४५ मध्ये बेपत्ता.

प्रश्न येतील ते सुटलेल्यांवर. स्टुकार्ट १९४९ मध्ये, भोगली तेवढी कैद पुरे धरून सुटला. होफमानला २५ वर्षांची शिक्षा झाली, १९५४ मध्ये तो बाहेर आला. पक्षाच्या कार्यालयातून आलेल्या क्लॉप्फरने उल्म शहरात वकिली केली, तो १९८७ मध्ये वारला.

तिसरी_रांग

ठरलं. प्रास्ताविक दहा मिनिटं, पाच नावं, क्रिट्झिंगर नंतर. पान ६ मूळ जर्मनमधलंच छापतो, शेजारी देशांची नावं मराठीत. ए-४ वर दोन्ही मावतील का?

बस्ता_क्र_१६

आडवा कागद घेतलात तर मावतील. डावीकडे छायाप्रत, उजवीकडे मराठी यादी, त्याच क्रमाने. मराठीत आणताना हजार-लाखांचे स्वल्पविराम आपल्या पद्धतीने बदला. जर्मन पानावर तीन-तीन अंकांमागे टिंब आहे, ते आपल्याकडे दशांशचिन्ह वाटतं आणि युक्रेनचे २९,९४,६८४ वाचताना लोक गोंधळतात.